वाचताना अडखळणारा मुलगा आणि द्राक्षाची काडी

द्राक्षवेल | १७ जून, रात्री ११.२०

नमस्कार. इथे बरेच दिवस फक्त वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा आहे, परवा चौथीत गेला. आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. घरची तीन एकर द्राक्षबाग आहे, ती सासरे बघतात. मिस्टर सांगलीला नोकरीला जातात. शाळा मराठी माध्यमाची.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री मी अंथरुणं घालत होते. हा उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "आई, मी ढ आहे ना?" विचारल्यासारखं नाही, सांगितल्यासारखं. मी विचारलं, कोण म्हणालं तुला? तर म्हणाला, "कुणी नाही. मला माहितीय." कुणी चिडवलं असतं तर मी शाळेत जाऊन भांडले असते. हे त्याचं त्यानंच ठरवलंय, आता कुणाशी भांडू?

त्याचं होतं असं. 'घर'ला 'धर' वाचतो, 'भात'ला 'मात'. जोडाक्षर आलं की गाडी थांबते. 'कर्म' आणि 'क्रम' त्याच्यासाठी एकच शब्द. फळ्यावरून उतरवून घेताना मधली ओळ गायब. छत्तीस सांगितलं की ६३ लिहितो. पण तोच धडा मी मोठ्यानं वाचला तर सगळा कळतो, प्रश्नांची उत्तरं तोंडी धडाधड देतो, आणि माझ्या लक्षात आलं नसेल असंही काही विचारतो. लिहायला बसवलं की दोन ओळींत पोट दुखायला लागतं. नाटक नाही ते, खरंच दुखतं, पोरगं घामानं भिजतं.

दोन वर्षांपूर्वी मी मनाशी ठरवलं, अभ्यासात नाही तर नाही, दुसऱ्या कशात तरी याला गती असणारच, ती शोधू. मग चित्रकलेचा क्लास, तबला, अबॅकस, कराटे. तबल्याच्या सरांनी पहिल्याच महिन्यात बोल वहीत लिहून आणायला सांगितले. चित्रकलेत ग्रेड परीक्षेची तयारी सुरू झाली. कराटेत पट्ट्याची परीक्षा. गेल्या उन्हाळ्यात मी त्याला पोहायला न्यायचं म्हटलं, तर गाडीवर मागे बसल्या बसल्या विचारतो, "तिथं परीक्षा कधी असती?" मी गाडी बाजूला घेऊन उभी केली. मला पुढे चालवता येईना.

आता बागेबद्दल. मागच्या नोव्हेंबरात ढगाळ हवा होती, सगळ्यांनाच डाऊनीची, म्हणजे वेलीवरच्या बुरशीच्या रोगाची धास्ती. हा शाळेतून आला की आजोबांच्या मागे बागेत. एका संध्याकाळी एक पान घेऊन आला. "आण्णा, ह्याच्यावर तेल सांडलंय." वरच्या बाजूला तेलकट डाग, खाली बघितलं तर पांढरट लव धरायला सुरुवात झालेली. पश्चिमेकडच्या शेवटच्या ओळीतलं पान, बाकी कुठे काही नाही. बाग वाचवली वगैरे मी म्हणणार नाही, फवारणी दोन दिवस आधी झाली इतकंच. पण आण्णांनी त्याला त्या रात्री जवळ बसवून विचारलं, तुला दिसलं कसं? तर म्हणाला, "बाकीच्या पानांसारखं ते नव्हतं."

आणि आता मे महिन्यात, खरड छाटणीनंतरच्या (उन्हाळ्यातल्या छाटणीनंतरच्या) फुटी वाढल्या तेव्हा बायका शेंडा खुडायला येत होत्या. सात पानं झाली की खुडायचं, म्हणजे सबकेन, बाजूनं फुटणारी नवी काडी, होते. हा त्यांच्याबरोबर ओळीनं फिरायचा. पानं मोजायचा नाही, नुसता बघायचा आणि सांगायचा, ही झालीय, ही नाही, ही बारीक आहे, हिला राहू दे. आण्णांनी मुद्दाम दहा-बारा काड्या मोजून बघितल्या. बरोबर होता. आण्णा मला म्हणाले, "पोरी, ह्याला डोळा हाय. तुमाला कुणाला दिसंना व्हय?"

आता माझी अडचण. हे ऐकून मला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली. मी परत तेच तर करत नाही ना, त्याच्या आवडीच्या गोष्टीवर शिक्का मारून तिचा क्लास करून टाकणं? त्याच्याशी याबद्दल बोलू की नको? आणि वाचनाचं काय करू? शाळा म्हणते घरी सराव वाढवा. रोज एक तास आम्ही दोघंही रडतो.

निशिगंध | १८ जून, सकाळी ७.०५

द्राक्षवेलताई, मी गेली चौदा वर्षं विशेष शिक्षक म्हणून काम करते. तुमच्या लिहिण्यावरून निदान करणार नाही, इथे दुसऱ्या कुणी केलं तरी मानू नका. पण तपासणी व्हायलाच हवी.

क्रम असा ठेवा. आधी डोळे आणि कान. बऱ्याच घरांत हे राहूनच जातं. मग बुद्ध्यांक चाचणी, आणि त्यानंतर वाचन, लेखन, गणित यांची चाचणी, तीही मराठीतून. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी उतारा देऊन काढलेल्या निष्कर्षाला अर्थ नसतो, हे तिथे स्पष्ट बोला. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, तिथल्या बालरोग विभागात चौकशी करा, ते पुढचा रस्ता सांगतील.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात ती नव्हती. प्रमाणपत्र वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा, आणि ते शेवटचं कायमचं. म्हणजे तुमचा मुलगा योग्य वयात आहे. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक, विषयांतल्या सवलती यांसाठी हे कागद लागतात. आठवीनंतर धावपळ करणारे पालक मी दरवर्षी बघते.

आता 'ढ'बद्दल. त्याला नाव सांगा. तपासणीत जे निघेल ते त्याच्या भाषेत सांगा: अक्षर आणि आवाज यांची गाठ तुझ्या डोक्यात सावकाश बसते, ती बसवायची वेगळी पद्धत आहे, ती आपण शिकणार आहोत. आपण नाव सांगितलं नाही की मुलं स्वतःच नाव ठेवतात, आणि ते नाव नेहमी 'ढ' असतं.

एक गैरसमजही दूर करते. या मुलांना अक्षरं उलटी दिसतात असं सर्रास म्हटलं जातं. नजरेचा दोष नसतो तो. शब्द फोडून त्यातले सुटे आवाज पकडणं आणि ते अक्षराला चिकटवणं, तिथे अडतं. म्हणून दहा वेळा लिहून काढ, या सरावानं काही होत नाही. तो रोजचा एक तास आजपासून बंद करा. पंधरा मिनिटं, एकच अक्षरगट, आवाजापासून सुरुवात, तेवढं पुरे.

आणि हेही सांगते, कारण बरेच पालक यात अडकतात. वाचन अडतं म्हणून निसर्ग बदल्यात दुसरं काहीतरी देतोच, असं मानायला आधार नाही. काही मुलांना चित्रकला येते, काहींना येत नाही, इतर मुलांसारखंच. तुमच्या मुलाची नजर चांगली आहे ती त्याची आहे, वाचनाच्या बदल्यात मिळालेली भरपाई नव्हे. हा फरक तुम्हाला पुढे फार उपयोगी पडेल.

माड_पोफळी | १८ जून, दुपारी १.३०

निशिगंधताईंचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहावंसं वाटलं. आमची मुलगी तेरा वर्षांची, बोलताना अडखळते. गाताना अडखळत नाही, बहुतेकांचं तसंच असतं. मग सगळे नातेवाईक मागे लागले, हिला गाणं शिकवा, देवानं एक दार बंद केलं पण दुसरं उघडलंय. तिला गाणं मुळीच आवडत नाही! गणपतीत आरतीला पुढे उभं करायचे, ती मागच्या पडवीत जाऊन बसायची. आम्हाला वाटायचं लाजते. शेवटी तिनंच चिठ्ठी लिहून दिली, "मला गायला लावू नका, मी तेव्हा पण तीच असते."

तिला खरं काय आवडतं ते आम्हाला वाडीतल्या लहान पोरांनी दाखवलं. ती सगळी तिच्याकडे येतात, कारण ती मध्ये तोंड घालत नाही, पुरतं ऐकते. आता सुट्टीत अंगणवाडीत मदतीला जाते. अंगणवाडीच्या ताईंनी स्वतः बोलावलं, आम्ही सुचवलेलं नाही.

सडेतोड | १८ जून, रात्री ९.१०

मी थोडं कडू लिहिणार आहे, पण मनापासून.

शहरातल्या मुलाला वाचता येत नसलं की त्याच्या हातात कॅमेरा येतो, रोबोचा संच येतो. गावातल्या मुलाच्या हातात खुरपं येतं आणि आपण म्हणतो बघा, याला मातीची ओढ आहे. माझे दोन चुलतभाऊ असेच 'शेतीत हुशार' ठरले. सातवीत शाळा सुटली. एकाला आज खताच्या पोत्यावरचं वाचता येत नाही, औषधाचं प्रमाण दुकानदार सांगेल ते. द्राक्षबागेत तर फवारणीचं वेळापत्रक, माती-पाणी परीक्षणाचे अहवाल, निर्यातीला द्यायचं असेल तर औषधाच्या अंशाचे नियम, सगळं कागदावर. आजोबांचा डोळा आणि नातवाचा डोळा कितीही चांगला असला तरी कागद वाचता आला नाही तर बागेचा मालक दुसराच कुणीतरी होतो.

ताई, तुम्ही असं करताय असं मी म्हणत नाही. पण 'याला डोळा आहे' हे वाक्य घरात जास्त वेळा बोललं गेलं की शाळेचे सर पण सुटकेचा श्वास सोडतात. तेवढं सांभाळा.

द्राक्षवेल | १८ जून, रात्री १०.४५

सडेतोडदादा, कडू नाही वाटलं. आण्णा स्वतः चौथी शिकलेत आणि त्यांनाही हेच वाटतं. ते म्हणतात, मला फवारणीचं बुक वाचता आलं असतं तर ऐंशी साली बाग गेली नसती. त्यामुळे वाचन सोडायचं नाही हे आमच्या घरात पक्कं आहे.

निशिगंधताई, 'भरपाई' हा शब्द दिवसभर डोक्यात फिरतोय. मी दोन वर्षं तेच शोधत होते. नातेवाइकांत सांगायला काहीतरी हवं होतं, वाचत नाही पण अमुक करतो. ते माझ्यासाठी होतं, त्याच्यासाठी नव्हतं. हे लिहिताना हात थरथरतोय पण लिहिते.

पुणे_ते_डॅलस | १९ जून, पहाटे ४.१५

आमची मुलगी इथे दुसरीत असताना हाच प्रश्न आला. इथे पालकांनी लेखी मागणी केली की सरकारी शाळेला मुलाची तपासणी फुकट करून द्यावी लागते, नाहीतर नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं, आणि गरज निघाली तर त्या एका मुलासाठी शिक्षणाचा लेखी आराखडा करतात. आयईपी म्हणतात त्याला. कायद्यानंच त्यात मुलाची बलस्थानं विचारात घ्यावी लागतात, म्हणून बैठकीची सुरुवात तिथूनच झाली. मला विचारलं, हिला काय चांगलं येतं? मी म्हटलं, ती खूप गोड आहे, प्रेमळ आहे, मदत करते. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, हे छान आहे, पण ती करते काय ते सांगा.

मला सांगता येईना. माझ्याच पोटची पोर. घरी येऊन एक आठवडा नुसतं लिहून काढलं, तिला कुणीही काही सांगितलेलं नसताना ती काय करते. फक्त क्रियापदं. 'उलटंपालटं करून बघते.' 'दुकानातल्या माणसाला विचारते.' 'हरलेल्या पोराशेजारी जाऊन बसते.' 'डब्यांची झाकणं जुळवून ठेवते.' आठवड्यानं तो कागद वाचताना मला ती पहिल्यांदा नीट दिसली. यातलं एकही कुठल्या क्लासला घालण्यासारखं नव्हतं, ते बरंच झालं.

तुम्ही लिहिलेल्या मजकुरात अशी क्रियापदं आधीच आहेत. तुमचा मुलगा वेगळं पान वेचतो, आणि घाई न करता बघतो.

खडू_फळा | १९ जून, सकाळी ६.४०

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, शेजारच्याच तालुक्यात. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, ६३ ची. त्यात मुलाचा दोष कमी आणि आपल्या मराठी आकड्यांचा जास्त आहे. छत्तीस म्हणताना आपण आधी सहा उच्चारतो, मग तीस. मूल कानानं ऐकलं त्या क्रमानं लिहितं: ६, मग ३. त्यात ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले, एकाच आकाराचे. म्हणून तर न पटणाऱ्या माणसांमध्ये छत्तीसचा आकडा असतो म्हणतो आपण. एकोणऐंशी तर त्याहून अवघड, ऐंशीतून एक वजा करून मग सात लिहायचे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन 'एकवीस', 'बावीस' या नावांबरोबर दिलं, तेव्हा केवढा गहजब झाला होता आठवत असेल. विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर सांगत होत्या की संख्यांचे जोडाक्षरी उच्चार मुलांना अवघड जातात, दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी येतो. मी वर्गात दोन्ही पद्धती वापरतो. ज्यांना छत्तीस चटकन कळतं त्यांना छत्तीस, ज्यांचं अडतं त्यांना आधी तीस सहा आणि मग छत्तीस. तुम्ही घरी महिनाभर करून बघा. मणी-दांड्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर काडीपेटीच्या काड्यांचे दहाचे जुडगे.

दुसरी गोष्ट वाचनाची, आणि इथे तुमची बाग कामाला येईल. पुस्तकातला धडा काही दिवस बाजूला ठेवा. त्याला बागेतलं काहीतरी सांगायला लावा आणि तो बोलेल ते जसंच्या तसं लिहून घ्या. चार-पाच वाक्यं, मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये भरपूर जागा. त्याचे शब्द बदलू नका, 'हाय' म्हणाला तर 'हाय'च लिहा. मग तेच त्याला वाचायला द्या. स्वतःचंच बोलणं असल्यामुळे पुढचा शब्द काय असणार ते त्याला ठाऊक असतं, धास्ती कमी होते, आणि नजर शब्दावर थांबायला उसंत मिळते. ही काही माझी युक्ती नव्हे, जगभर शिक्षक वापरतात. निशिगंधताई सांगताहेत त्या आवाज-अक्षरांच्या कामाच्या जागी हे नाही, त्याच्या जोडीला आहे.

माझ्या वर्गात मेंढपाळाचा मुलगा होता. बाराखडीत मागे. त्यानं सांगितलेलं पहिलं पान होतं मेंढरांच्या कानांच्या खुणांवर. पुढच्या आठवड्यात बाकीची पोरं त्याचं पान वाचायला मागत होती.

वायरमन | २० जून, रात्री ११.५५

मी इथं फार लिहीत नाही. हे पण बोलून टाईप केलंय, चुका असतील.

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. दहावी दोनदा नापास. कुणी तपासणी केली नाही, तेव्हा आमच्याकडं कुणाला काही माहीतच नव्हतं. मोठेपणी मुलीला हाच त्रास निघाला, तेव्हा डॉक्टर जे विचारत होते ते सगळं माझंच होतं. मी तिच्या शेजारी बसून आतल्या आत रडत होतो.

माझ्या हाताला वायरिंग येतं हे कुणी शोधलं नाही. आत्याचा मिक्सर बिघडला होता. ती म्हणाली, "बघ रे जरा." मी बघितला, कार्बन ब्रश झिजला होता, बदलला. तिनं शाबासकी दिली नाही काही नाही, लगेच चटणी वाटायला घेतली. माझ्या हातानं केलेल्या गोष्टीवर घरचं जेवण अवलंबून होतं. ते मला अजून आठवतं. नंतर लोकांनी माझं कौतुक केलं, ते नाही आठवत.

म्हणून ताई, त्याला 'तुला डोळा आहे' असं रोज सांगू नका. पण त्याचा डोळा वापरा. आजोबांना म्हणावं, त्यानं सांगितलेलं ऐकून खरंच काहीतरी करा, आणि चुकला तर चुकला म्हणून सांगा. खोटं कौतुक आम्हाला लगेच कळतं. ज्याला दिवसभर शाळेत चुका दाखवतात त्याचे कान फार तिखट होतात.

दुसरं. आज माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, कंपन्यांची पॅनल बोर्डाची कामं करतो. तरी बँकेत फॉर्म पुढं आला की हात आखडतो. चष्मा विसरलो असं सांगतो. काम चांगलं येतं म्हणून लाज गेली नाही. लाज गेली ती मुलीच्या वेळी डॉक्टरांनी नाव सांगितल्यावर, तीसुद्धा निम्मी. त्यामुळं तपासणी आणि वाचन दोन्ही करा. मला चाळिशीत शिकावं लागतंय, मुलीबरोबर. ती माझ्या पुढं गेली.

निशिगंध | २१ जून, सकाळी ८.००

वायरमनदादा, तुमचं लिहिणं मी माझ्या पालकसभेत वाचून दाखवू का? नावाशिवाय.

वायरमन | २१ जून, सकाळी ८.२०

दाखवा ताई.

चाफेकळी | २१ जून, दुपारी ३.००

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. मोठ्या भावंडाचं काय? आमच्याकडे मोठी पहिली येते, धाकट्याला वाचता येत नाही. आम्ही धाकट्याच्या छोट्या गोष्टींचं कौतुक करतो तर मोठी म्हणते, माझ्या नव्वद टक्क्यांना कुणी टाळी पण वाजवत नाही.

पुणे_ते_डॅलस | २१ जून, रात्री ९.३०

आमच्याकडेही हेच झालं. तिच्यासाठीही तोच क्रियापदांचा कागद करा. मार्कांशिवाय ती काय करते, हे तिलाही कुणीतरी बघायला हवं असतं.

द्राक्षवेल | १४ जुलै, रात्री १०.१०

तपासणीचं सांगते. डोळे, कान व्यवस्थित. मिरजेला तीन खेपा झाल्या, अजून एक चाचणी बाकी आहे. तिथल्या एका बाईंनी त्याच्याशी फार छान बोलून काम केलं. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, "त्यांनी घड्याळ लावलं होतं, पण रागावल्या नाहीत."

वर्गशिक्षिकेला भेटले. त्यांना दोष देत नाही, पन्नासाच्या वर पोरं आहेत वर्गात. तोंडी उत्तरं घेऊन बघते म्हणाल्या. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी शेजारच्या मुलीच्या वहीचा फोटो मला पाठवायला तयार झाल्या. एवढ्यानंच त्याची सकाळची पोटदुखी निम्मी झाली.

आण्णांशी बोलले. त्यांनी त्याला एक काम दिलंय. रोज संध्याकाळी पश्चिमेकडच्या दोन ओळी त्याच्या. फिरायचं, बघायचं, वेगळं दिसलेलं पान आणून आण्णांच्या खाटेवर ठेवायचं. फवारणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बागेत पाऊल टाकायचं नाही, हे आधी कबूल करून घेतलं. पहिल्या आठवड्यात त्यानं नऊ पानं आणली. आण्णांनी सात बाजूला काढली, "हे उन्हानं झालंय, हे किड्यानं खाल्लंय, ह्यात काय नाही." मला वाटलं हिरमुसेल. तर ती सातही उचलून घेऊन गेला आणि अंगणात ओळीनं मांडून बसला.

खडू_फळा सर, वही सुरू केली आहे. तीस सहा पण सुरू आहे, ते त्याला आवडलं. पाटीवर लिहून म्हणतो, "आता बसले पाठ फिरवून."

सडेतोड | १५ जुलै, सकाळी ७.४५

ताई, वाचून बरं वाटलं. चुलतभावाला तुमचा धागा वाचून दाखवला. त्यानं विचारलं, आता मोठ्या माणसांची तपासणी होते का?

निशिगंध | १५ जुलै, दुपारी २.१५

होते, सडेतोडदादा. त्यांना म्हणावं वय बघू नका. प्रमाणपत्राचा उपयोग आता किती होईल ते त्यांच्या गरजेवर आहे, पण कशामुळे अडत होतं हे कळणं आणि पुन्हा शिकायला लागणं, याला वयाची अट नाही. वायरमनदादा आहेतच समोर. व्यक्तिगत निरोप करा, मी पुढचं सांगते.

द्राक्षवेल | २८ ऑगस्ट, रात्री ९.५०

अहवाल आला. वाचन आणि लेखन अक्षमता, गणिताचं सध्या तेवढं नाही, पुढे बघू म्हणाले. बुद्ध्यांक चांगला आहे. निशिगंधताईंनी सांगितलं तसं त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, "मग हे किती जणांना असतं?" मी म्हटलं, तुझ्या शाळेतही असतील काही जण, त्यांना माहीत नसेल. म्हणाला, "त्यांना सांग की मग." सध्या त्याच्यासाठी आठवड्यातून दोनदा सांगलीला विशेष शिक्षकांकडे जातो. मिस्टरांची सुटायची वेळ आणि त्याची वेळ जुळवून घेतली आहे, येताना बापलेक एकत्र येतात.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. गेल्या आठवड्यात चाचणीची वही फाडून टाकली. आणि मामाच्या लग्नात कुणीतरी पत्रिका वाचायला दिली तर उठून बाहेर गेला. मी मागे गेले नाही, आण्णा गेले.

पण आजचं सांगायला आले आहे. वहीची चौदा पानं झाली. तो सांगतो, मी लिहिते, दुसऱ्या दिवशी तो वाचतो. आज नववं पान पुन्हा वाचायला काढलं होतं, मे महिन्यात बायकांबरोबर फिरला होता त्याचं. एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचत होता. 'काडीला सात पानं झाली. मग मावशीनं शेंडा…' आणि बोट थांबलं. मला वाटलं जोडाक्षर आलं असेल, मी पुढचं सांगायला तोंड उघडलं. त्यानं हातानंच मला थांबवलं, शब्दावर वाकून परत बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, तू तोडला लिहिलंयस. मी तोडला म्हणलो नव्हतो. खुडला म्हणलो होतो."